भात्यापासून ब्लोअरपर्यंत

मोटारीतल्या ए.सी.चा इतिहास कुठेही वाचा, सगळे थंडाव्याबद्दल लिहितात. गॅस कोणता होता, कॉम्प्रेसर कुठे बसवला होता, पहिल्या गाडीची किंमत काय होती, सगळे सापडते. पण तो थंडावा आपल्या तोंडापर्यंत आणून पोचवणारा जो पंखा, ज्याला सगळे ब्लोअर म्हणतात, तो बिचारा एका ओळीत आटपतो. लग्नात नवरा-नवरीचे शंभर फोटो निघतात, पंगतीत वाढणाऱ्याचा एकही निघत नाही, तसेच हे. आज त्या वाढप्याबद्दल लिहिणार आहे.

मी इतिहासाची शिक्षिका. यंत्राशी माझा संबंध शिवणयंत्रापुरता. तरीही गेले दोन महिने या पंख्याने मला पछाडले आहे, आणि त्याचे कारण पुढे येईलच. आधी थोडे मागे जाऊ.

वारा हवा तेव्हा आणि हवा तिथे मिळावा ही माणसाची फार जुनी इच्छा. आपल्याकडे लोहाराचा भाता होता, खळ्यावर धान्य उफणायला सूप होते. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, वारा पडला की उफणणी थांबायची आणि माणसे तोंडाकडे हात करून बसायची. युरोपात खाणी खोल गेल्या तसा खाली माणसांचा जीव गुदमरू लागला, तेव्हा फिरत्या पात्यांचे पंखे आले. १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या अग्रिकोलाच्या खाणशास्त्रावरच्या ग्रंथात अशा पंख्यांची चित्रे आहेत. एका पेटीत चाक, चाकाला फळ्या, आणि ते फिरवायला माणूस किंवा पाणी. इंग्रजांच्या काळात आपल्याकडच्या कचेऱ्यांत छताला लटकवलेला कापडी पंखा ओढायला माणूस बसवलेला असे. साहेबाच्या डोक्यावर वारा आणि ओढणाऱ्याच्या अंगाला घाम, अशी ती व्यवस्था. वारा निर्माण करायचा तर कोणीतरी कष्ट करावेच लागतात, हे या सगळ्या इतिहासाचे सार.

आता मोटारीतल्या ब्लोअरकडे येते. तुमच्या गाडीतला ब्लोअर काढून पाहिलात तर तो छतावरच्या पंख्यासारखा तीन पात्यांचा नसतो. तो एक पिंजरा असतो. गोल ढोल, मधे पोकळ, आणि कडेने पन्नास-साठ अरुंद, आखूड पाती, सगळी पुढच्या बाजूला वळलेली. हवा मधल्या पोकळीतून आत शिरते आणि पात्यांमधून बाहेर भिरकावली जाते. हा पिंजरा कोणी शोधला हे पाहायला गेले आणि मी थेट चहाच्या मळ्यात जाऊन पोचले!

सॅम्युएल क्लीलंड डेव्हिडसन हा आयर्लंडच्या उत्तर भागातला माणूस, जन्म १८४६चा. १८६४ साली, मिसरूड फुटायच्या वयात, तो कछारच्या चहामळ्यावर आला. कछार म्हणजे आजच्या आसामच्या दक्षिणेचा, सिल्चरच्या आसपासचा भाग. तेव्हा चहाची पाने हातांनी वळायची आणि बांबूच्या टोपल्यांत घालून कोळशाच्या निखाऱ्यावर वाळवायची पद्धत होती. धूर, राख, करपलेली पाने, आणि त्या धुरात तासन् तास उभे असलेले मजूर. (त्या मजुरांना कसे आणले आणि कसे वागवले हा एक वेगळा आणि काळाकुट्ट धडा आहे. तो या लेखात मावणार नाही, पण विसरूही नये.) डेव्हिडसनच्या डोक्यात आले की पाने निखाऱ्यावर धरण्यापेक्षा गरम हवाच पानांमधून खेळवावी. त्याने चहा वाळवण्याची यंत्रे तयार केली आणि त्यांना नाव दिले सिरोको. सहाराच्या वाळवंटातून भूमध्य समुद्राकडे वाहणाऱ्या गरम वाऱ्याचे हे नाव. १८८१ साली त्याने बेलफास्टमध्ये सिरोको वर्क्स हा कारखाना काढला.

गरम हवा खेळवायची तर चांगला पंखा हवा. तोपर्यंतच्या पंख्यांना मोजकी, लांब, रुंद पाती असत, वल्ह्यासारखी. डेव्हिडसनने प्रयोग करत करत पाती आखूड केली, संख्या वाढवली, ती ढोलाच्या कडेला बसवली आणि फिरण्याच्या दिशेला वळवली. तेवढ्याच आकाराचा पंखा कितीतरी जास्त हवा फेकू लागला. १८९८च्या सुमाराचा हा शोध. पुढे हे पंखे खाणींत गेले, कारखान्यांत गेले, जहाजांवर गेले. बेलफास्टमध्येच बांधलेल्या टायटॅनिकवरही हवा खेळवायला याच कारखान्याचे पंखे होते. कारखाना आता उरलेला नाही, पण पंखा उरला. तुमच्या-आमच्या गाडीत डाव्या बाजूच्या ग्लव्ह बॉक्सच्या मागे जो पिंजरा गरगर फिरतो, तो त्याच घराण्यातला. कछारच्या चहाचे हे ऋण मला फार गोड वाटले.

पंखा झाला, आता तो फिरवायचा कोणी? विजेच्या मोटरीचा इतिहास फॅरेडेपासून सांगतात. १८२१ साली त्याने विजेचा प्रवाह जाणारी तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. १८३७ साली अमेरिकेत थॉमस डेव्हनपोर्ट या लोहाराने विजेच्या मोटरीचे पेटंट घेतले. पुन्हा लोहारच, भात्याचाच माणूस! पण मोटारगाडीत विजेची मोटर बसवायची तर गाडीत भरवशाची वीज हवी. १९१२ साली चार्ल्स केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला आणि हँडल मारणे सुटले. त्यासाठी मोठी बॅटरी आणि ती भरणारा डायनॅमो गाडीत आला, आणि त्या विजेवर मग बाकीचे पाहुणे जेवायला बसले.

त्या काळच्या गाड्या उघड्या. थंड देशांत लोक पायाशी तापवलेल्या विटा ठेवत, घोंगड्या गुंडाळत. गाड्या बंद झाल्यावर इंजिनाच्या धुराड्याच्या उष्णतेवर हवा तापवून आत सोडण्याचे प्रकार झाले. त्यात गळती झाली की विषारी धूर आत. मग इंजिन थंड करणारे जे गरम पाणी, तेच एका लहान जाळीतून फिरवायचे आणि मागे पंखा लावायचा, अशी युक्ती निघाली. तरी एक अडचण राहिली. आतलीच हवा फिरत राहिली की माणसांच्या श्वासाची वाफ काचांवर धरते आणि समोरचे दिसेनासे होते.

यावर १९३८ साली नॅश या अमेरिकन कंपनीने उपाय आणला. तिचा एक वर्षापूर्वीच केल्व्हिनेटर या फ्रिजवाल्या कंपनीशी संसार जुळला होता. त्यांनी बाहेरची ताजी हवा आत घेतली, ती गाळली, तापवली आणि पंख्याने आत ढकलली. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहिला की फटींतून गार वारा शिरत नाही. पुढच्या वर्षी त्यात तापमान राखणारा थर्मोस्टॅट आला आणि नाव पडले वेदर आय. आजही गाडीत गरम हवा येते ती मुळात याच पद्धतीने.

थंडाव्याची कथा याच्याच पाठोपाठची. १९४० सालच्या पॅकार्ड गाड्यांत कारखान्यातूनच ए.सी. मिळू लागला, २७४ डॉलर जास्त देऊन. थंड करणारी जाळी आणि ब्लोअर मागे डिकीत. गंमत अशी की कॉम्प्रेसर बंद करण्याची सोयच नव्हती. इंजिन चालू की कॉम्प्रेसर चालू. थंडावा नको असेल तर ब्लोअर बंद करायचा, आणि हिवाळा आला की बॉनेट उघडून पट्टाच काढून ठेवायचा. म्हणजे त्या पहिल्या ए.सी.चा कारभार चालकाच्या हातात होता तो फक्त ब्लोअरच्या बटणातून. दोन वर्षांत तो प्रयोग गुंडाळला गेला. १९५४ साली नॅशनेच गरम आणि थंड दोन्ही यंत्रणा पुढच्या भागात एकत्र आणल्या, किंमत ३४५ डॉलर. आणि १९६४ साली कॅडिलॅकने कम्फर्ट कंट्रोल आणले. आपण तापमान सांगायचे, ब्लोअर किती जोरात फिरवायचा ते यंत्र ठरवणार.

आपल्याकडे तेव्हा काय होते? अँबॅसेडर आणि फियाटच्या पुढच्या दाराला एक त्रिकोणी काच असे. ती तिरकी केली की वारा बरोबर छातीवर येई. टॅक्सीवाले डॅशबोर्डवर एक छोटा पंखा बसवत, तोही बहुधा प्रवाशाकडे पाठ करून. आम्ही त्या त्रिकोणी काचेवर आयुष्य काढले आणि कधी तक्रार केली नाही. ती काच नादुरुस्त होत नसे हा तिचा मोठा गुण.

ब्लोअर मात्र नादुरुस्त होतो. माझा पुतण्या कामासाठी कऱ्हाडहून चिपळूणला जातो, कुंभार्ली घाटातून, आठवड्यातून एकदा तरी. गाडी जुनी. गेल्या उन्हाळ्यात ए.सी. थंड करीना. एका गॅरेजने गॅस भरला. महिनाभर बरे वाटले, पुन्हा तेच. पुन्हा गॅस भरला. पावसाळा सुरू झाला आणि ब्लोअर एक, दोन, तीनवर चालेना, फक्त चारवर चाले, तोही कण्हत. गॅरेजने सांगितले, कॉम्प्रेसर गेला, बदला. आकडा ऐकून पुतण्या गप्प बसला आणि तसाच घाट चढत-उतरत राहिला. काचेवर वाफ धरली की एका हाताने फडके फिरवायचे आणि एका हाताने स्टिअरिंग धरायचे. सुनेने हे मला सांगितले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कुंभार्ली घाटात पावसात, धुक्यात, आणि काचेवर आतून वाफ!

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ब्लोअर ही चैनीची वस्तू आहे असा आपला समज असतो. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना पुढच्या काचेवरचे बाष्प आणि हिम घालवणारी यंत्रणा असणे कायद्याने सक्तीचे आहे. ए.सी. हवेतले पाणी काढून ती कोरडी करतो आणि ब्लोअर ती कोरडी हवा काचेवर सोडतो. पावसाळ्यात ए.सी. गारव्यासाठी लावायचा नसून दिसण्यासाठी लावायचा असतो.

तर मी त्याला आमच्या गावातल्या एका गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे धाडले, आणि सोबत मीही गेले. तो माझा जुना विद्यार्थी. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. पुतण्याला आधी प्रश्न विचारले. वारा कमी येतो की वारा भरपूर येऊन गार नाही? कुठल्या नंबरावर येतो? आवाज कसा येतो? डॅशबोर्डवर थाप मारली की सुरू होतो का? मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, गॅसचा इथे काही संबंध नाही. वाराच नाही तर गार काय होणार?"

मग त्याने समजावले ते माझ्या शब्दांत सांगते. ब्लोअरच्या वाटेत एक रेझिस्टर असतो, तारेची दोन-तीन वेटोळी. एक नंबरला वीज सगळ्या वेटोळ्यांतून जाते, म्हणून मोटर हळू. नंबर वाढेल तशी वेटोळी कमी. सगळ्यात वरच्या नंबरला रेझिस्टर वगळून वीज थेट मोटरीला. म्हणून खालचे नंबर गेले आणि वरचा राहिला तर रेझिस्टर जळला असे समजावे. एकही नंबर चालत नसेल तर फ्यूज, रिले, बटण, अर्थची तार आणि शेवटी मोटर असे क्रमाने जावे. मोटरीच्या कनेक्टरवर टेस्ट लँप लावावा. वीज पोचते आहे आणि अर्थही ठीक आहे, तरी मोटर हलत नाही, तर मोटर दोषी. वीजच पोचत नाही, तर मोटर निर्दोष. थाप मारल्यावर फिरू लागली तर तिचे कार्बन ब्रश झिजले. वारा भरपूर पण गार नाही, तेव्हाच गॅस आणि कॉम्प्रेसरकडे वळावे.

रेझिस्टर जळलाच होता. मला वाटले, झाले, नवा बसवेल आणि पैसे घेईल. पण तो म्हणाला, "बाई, हा का जळला ते बघायला पाहिजे. नाहीतर दोन महिन्यांत नवाही जळेल." त्याने ब्लोअर वरच्या नंबरावर ठेवून मोटरीच्या तारेभोवती क्लँप मीटर लावला. मोटर नेहमीपेक्षा बराच जास्त करंट ओढत होती. विजेच्या मोटरीचा हा स्वभावच आहे, ती जितकी अडखळत फिरते तितकी जास्त वीज पिते. थकलेला माणूस जास्त धापा टाकतो तसे. ती जास्तीची वीज खालच्या नंबरांना रेझिस्टरमधून जाते आणि तो तापतो. शिवाय रेझिस्टर मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्यात बसवलेला असतो, थंड राहावा म्हणून. वाराच मंदावला की तो दोन्हीकडून भाजतो.

मोटर खोलली. पिंजऱ्यात गुलमोहराच्या बारीक पानांचा ओला लगदा. गाडी झाडाखाली उभी असते, काचेच्या खालच्या जाळीतून पाने आत पडतात, या जुन्या गाडीला आतला फिल्टरही नाही. ओल गेल्याने मोटरीचा बुश गंजला, मोटर अडखळू लागली, करंट वाढला, ब्रश झिजले, रेझिस्टर जळला. गॅरेजने सांगितलेला कॉम्प्रेसर बिचारा ठणठणीत. नवी मोटर, नवा रेझिस्टर आणि जाळीवर बारीक तारेची गाळणी, सगळे मिळून कॉम्प्रेसरच्या अंदाजाच्या चौथ्या हिश्शातही आले नाही.

मी तिथे स्टुलावर बसून हे पाहत होते आणि मला माझा वर्ग आठवत होता. १८५७चा धडा शिकवताना आपण कारणे दोन प्रकारची सांगतो, तात्कालिक आणि मूळ. काडतुसे हे तात्कालिक कारण. पण नुसती काडतुसे बदलून असंतोष गेला असता का? संस्थाने खालसा झाली होती, जमिनी गेल्या होती, मानहानी साठत होती, म्हणून ठिणगीचा वणवा झाला. मुले उत्तरपत्रिकेत काडतुसे लिहून मोकळी होत, कारण ते लक्षात राहायला सोपे. जळलेला रेझिस्टर हे काडतूस आहे. गुलमोहराची पाने हे मूळ कारण. आणि गॅस भरणे म्हणजे प्रश्न काय आहे ते न वाचताच पाठ केलेले उत्तर लिहून देणे.

या मुलाला इतिहासात कधी पस्तीसच्या फार वर गुण मिळाले नाहीत. पण कारणमीमांसा म्हणजे काय हे त्याला माझ्या पहिल्या नंबराच्या विद्यार्थ्यांइतकेच कळले होते, आणि ते मी शिकवले म्हणून कळले असे म्हणायचे धाडस मी करणार नाही. विजेच्या तारा हाताळत, जळलेले वास घेत, तो ते शिकला.

आता नव्या गाड्यांत काय होईल याची मला काळजी वाटते. जिथे तापमान आपोआप राखले जाते तिथे तारेची वेटोळी नसतात. एक इलेक्ट्रॉनिक तुकडा वीज कमी-जास्त करतो, काही गाड्यांत मोटरीला ब्रशच नसतात. एक, दोन, तीन, चार असे टप्पे नाहीत, म्हणजे "कुठल्या नंबरावर चालतो?" हा प्रश्नच विचारता येत नाही. संगणक जोडायचा, तो सांगेल ते अख्खे बदलायचे. वेळ वाचतो हे खरे. पण संगणक जे सांगतो तेही लक्षणच असते. झाडाखाली गाडी उभी असते का, हे कोणीतरी माणसानेच विचारावे लागते.

असो. माझ्या भाचे-पुतण्यांना आणि नातवंडांना चार गोष्टी सांगून थांबते. पावसाळ्याआधी ब्लोअर सगळ्या नंबरांवर चालवून पाहा. गाडीला आतला फिल्टर असेल तर तो काढून झटका, फार मळला असेल तर बदला. काचेखालच्या जाळीतली पाने हाताने काढा, त्याला पैसे पडत नाहीत. जळका वास आला किंवा फ्यूज पुन्हा पुन्हा उडू लागला तर मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालून वेळ मारून नेऊ नका, त्याने आग लागते. आणि कोणी प्रश्न न विचारताच गॅस भरू लागला, तर नम्रपणे म्हणा, "दादा, आधी वारा येतोय का ते बघूया."